चेहरा आणि शिसपेन्सिल



पिंगुळीकरांपुढे चित्राविषयी बोलणे म्हणजे मालवणच्या माणसाला मासळी कशी पारखावी ते सांगण्यासारखे आहे. तरी मी हे धाडस करतो, कारण माझा विषय आपल्या चित्रकथीपासूनच सुरू होतो.

ज्या कलेसाठी येथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्या कलेची एखादी पोथी आठवा. राम असो की अर्जुन, चेहरा बहुधा एका बाजूने रेखलेला आणि डोळा मोठा. तो अमक्या गावच्या अमक्या माणसासारखा दिसावा, अशी अपेक्षाच नसते. चित्रात जे उरते ते कथेकऱ्याचा गळा पुरे करतो.

शिसपेन्सिलीने काढलेल्या व्यक्तिचित्राशेजारी मात्र असा गाणारा कोणी नसतो. तेथे कागदालाच बोलावे लागते. नावात शिसे असले तरी या पेन्सिलीत शिसे नसते; असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप, आणि चिकणमाती. माती जास्त, तर रेघ कठीण व फिकी. ग्रॅफाइट जास्त, तर मऊ व काळी. एवढ्याच भांडवलावर जिवंत माणूस उभा करावयाचा असतो.

नवशिका फसतो तो येथेच. प्रत्येक केस आणि प्रत्येक सुरकुती उतरली की चित्र खरे झाले, असे त्याला वाटते. पण सगळेच सारख्या जोराने सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडणार? ओठांच्या कोपऱ्यात, भुवईखाली जेथे तो माणूस सापडतो, तेथे रेघ दाबावी. खांद्याशी ती सैल सोडावी. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी जलरंगांत हेच साधले. म्हैसूरच्या संग्रहातील त्यांच्या ‘ग्लो ऑफ होप’मध्ये दिव्याचा उजेड स्त्रीच्या बोटांवर आणि मुखावर आहे, बाकीचे त्यांनी अंधारावर सोपविले.

आपण काय करतो? वडीलधारे माणूस गेले की फोटो घेऊन चित्रकाराकडे धावतो आणि वर सांगतो, “सुरकुत्या जरा कमी करा हो!” तो बिचारा खोडरबर फिरवितो, आणि सुरकुत्यांबरोबर आमची आजीही पुसली जाते.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. मुलांच्या दप्तरात पेन्सिल असतेच. आजी हयात आहे तोवर त्यांना तिच्यासमोर तासभर बसू द्या. नाक चुकेल, कान वाकडा होईल, होऊ द्या. पण त्या तासात नातू आजीकडे जितके पाहील, तितके त्याने पूर्वी कधी पाहिले नसेल. खऱ्या चित्राचा आरंभ त्या पाहण्यात आहे.