पिल्लांचा पहिला महिना

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने केलेलं बोलणं)



टेम्पोवाला गावात येतो, टोपलीतली रंगीबेरंगी पिल्लं दाखवतो आणि "सगळी गावठी आहेत" म्हणतो. आपण गटातून कर्ज उचलून वीस-पंचवीस घेतो. महिन्याभरात निम्मी मेली तरी हप्ता पूर्णच भरायचा असतो. म्हणून आज अंड्याच्या भावाचं काही बोलत नाही, फक्त पहिल्या महिन्याचं बोलते.

आधी टोपलीत काय आहे ते विचारा. हैदराबादेत तयार झालेली वनराजा, बेंगळुरूची गिरीराजा, आपली गावरान, सगळी एकत्र असतात. गुलाबी-हिरवा रंग दिलेली पिल्लं तर घेऊच नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात, त्यांची तलंग व्हायची नाही. वनराजा भराभर वाढते. चार आठवड्यांत ती गावरान पिल्लाला दाण्यापासून ढकलायला लागते. लहान पिल्लू मग उपाशी राहतं, कोपऱ्यात बसतं आणि एक दिवस जातं. आपण म्हणतो, रोग आला. कुठला रोग? त्याला खायलाच मिळालं नाही! म्हणून जात वेगळी असली तरी चालेल, पण वय आणि आकार सारखा ठेवा. लहान राहिलेली वेगळ्या डालग्याखाली घ्या, त्यांचं दाणापाणी वेगळं करा. मोठ्या कोंबड्यांत तर पिल्लं सोडूच नका. त्या टोचतात, आणि स्वतः धडधाकट दिसल्या तरी रोग देऊन जातात.

पिल्लं घरी आली की आधी पाणी, थोडा गूळ घालून. मग कागदावर मक्याचा बारीक भरडा टाका. दोन-चार दिवसांनी पिल्लांचं खाद्य सुरू करा. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू वाढत नाही.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतोय. पसरून खात-झोपत असली की ठीक. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात चेंगरून मरतात. खाली भाताचं तूस पसरा. ते ओलं झालं की लगेच बदला, कारण ओल्यातूनच रक्ती हगवण येते.

लाईट जाते त्याचं काय? खुडूक कोंबडी असेल तर तिच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. सकाळी बहुतेक वेळा ती आपलीच समजते, पण तासभर लक्ष ठेवा. तिच्या अंगावर उवा नाहीत हे आधी बघा. वनराजा, गिरीराजा सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे घरातली गावरान कोंबडी मोडीत काढू नका. आणि वनराजाची अंडी उबवून तशीच पिल्लं निघतील असंही धरू नका. पुढची पिढी एकसारखी येत नाही.

लसीचं सगळ्यात महत्त्वाचं. मानमोडी आली की औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, आणि चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. लस बर्फात आणायची, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभराच्या वर डोस असतात. वीस पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस राहूनच जाते.

त्यासाठी माझं म्हणणं असं. प्रत्येकीने एका दिवसाची पिल्लं घेऊ नयेत. गटातल्या एक-दोघी, ज्यांच्याकडे बंदिस्त खोली आणि दिवसभर घरी कुणीतरी असेल, त्यांनी सगळ्यांची पिल्लं चार आठवडे वाढवावीत, लस करून मग वाटावीत. त्यांच्या दाण्याचे, लाईटबिलाचे आणि मेहनतीचे पैसे पिल्लामागे धरावेत. पिल्लू महाग पडेल, ओरडा होईल. पण हातात येईल ते जगलेलं असेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने किती पिल्लं हवीत आणि कोण वाढवणार, हे लिहून आणा. लसीची तारीख तेव्हाच ठरवू.