निसर्गाविषयीची वृत्ती कशी घडते

पर्यावरण शिक्षणाची आज बहुतेक देशांत मानली जाणारी चौकट ऑक्टोबर १९७७ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात ठरली. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी भरवलेल्या त्या परिषदेने शिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. जाणीव आणि ज्ञान शाळेला पेलतात. धडा लिहिता येतो, प्रश्न काढता येतो, गुण देता येतात. अडते ते वृत्तीपाशी. ओढ्याकडे, वडाकडे किंवा घरात शिरलेल्या सापाकडे माणूस कोणत्या भावनेने पाहतो आणि ती भावना त्याच्याकडून काय करवून घेते, हे उत्तरपत्रिकेत उतरत नाही.

भारतात या विषयाला बळ मिळाले ते न्यायालयाकडून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. त्याच आदेशात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयीच्या किमान दोन स्लाइड मोफत दाखवाव्यात, असेही होते. प्रेक्षकांनी त्या किती मनावर घेतल्या, हा प्रश्न वेगळा. पुढे २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले. पदवी वर्गांना हा विषय सक्तीचा झाला आणि त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ होताच. म्हणजे माहिती पोचवण्याची व्यवस्था कागदावर तरी पूर्ण आहे. तरीही ओझोन थराला छिद्र का पडले हे बिनचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या फाटकापाशी उभे असलेले झाड कोणते हे सांगता येत नाही, असा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

माहिती वाढली की आस्था वाढते आणि आस्था वाढली की वागणे बदलते, अशी सरळ साखळी सुरुवातीला गृहीत धरली गेली होती. १९९० मध्ये हॅरॉल्ड हंगरफोर्ड आणि ट्रूडी व्होल्क या अमेरिकी अभ्यासकांनी ती पुराव्यानिशी खोडून काढली. २००२ मध्ये आन्या कॉलमस आणि ज्युलियन अग्येमान यांनी तोवरच्या प्रतिमानांचा आढावा घेतला, तेव्हाही जाणणे आणि वागणे यांच्यातली दरी कोणत्याच एका प्रतिमानाने भरून निघत नव्हती. सवय, सोय, पैसा, शेजारीपाजारी काय म्हणतील, हाताशी पर्याय आहे की नाही, हे सगळेच मध्ये येते.

मग ज्यांच्यात ही वृत्ती ठळकपणे दिसते त्यांच्यात ती आली कुठून? हा उलटा प्रश्न अधिक फलदायी ठरला. थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्यांनाच विचारले की तुम्ही इकडे कसे वळलात. लुईस चावला यांनी पुढे केंटकी आणि नॉर्वेमधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. उत्तरांत दोन गोष्टी सतत वर आल्या: लहानपणी मोकळ्या निसर्गात, बहुधा त्याच त्या जागी, वारंवार घालवलेला वेळ आणि त्या गोष्टींत मनापासून रस असलेले घरातले किंवा ओळखीतले मोठे माणूस. शाळेचा क्रमांक बराच खाली होता. ही उत्तरे आठवणींवर आधारलेली आहेत, आणि असेच बालपण मिळूनही ज्यांच्यात आस्था आली नाही त्यांना कोणी विचारले नव्हते, ही या पद्धतीची उणीव खरी. पण निरनिराळ्या देशांतून तेच ऐकू यावे, याला काही अर्थ आहे.

मुंबईतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डॉ. सालिम अली यांचे. १८९६ मध्ये जन्मलेला, आईवडिलांविना मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेला हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत असे. शिकार हाच त्याचा छंद, आणि मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे ही इच्छा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामाही शिकारीच, त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून संस्थेचा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. बंदूक का चालवलीस म्हणून मिलार्ड रागावले असते, तर भारतीय पक्षिशास्त्राची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. वृत्तीचा आरंभ शुद्ध असावा लागतो, हा समज इथे टिकत नाही. कुतूहल शिकारीतून आले; त्याला दिशा देणारा माणूस वेळेवर भेटला.

याच्या उलट टोकाला हल्लीची एक रीत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना तोडलेली जंगले, वितळता बर्फ, नामशेष होणारे प्राणी यांची चित्रे दाखवून त्यांच्याकडून फलक रंगवून घेतले जातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ मध्ये इशारा दिला की ज्यावर प्रेम बसायचे आहे त्याच्या शोकांतिका आधी सांगितल्या, तर मूल निसर्गापासून दूर पळते. लहान वयात घराजवळचे डबके, किडे, पाने पुरेत. जागतिक संकटे नंतर.

वृत्ती मात्र एकेकट्या मुलातच घडते असे नाही, गावातही घडते. सह्याद्रीतल्या देवराया त्याचा जुना पुरावा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक ठिकाणी पडलेली वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक होता. त्यामागे परिसंस्थेचे ज्ञान कमी, देवाचा धाक जास्त. धाक ओसरला तिथे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, कधी कौल लावून, झाडे पडली. केवळ धाकावर उभी राहिलेली वृत्ती धाकाबरोबर जाते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी वेगळा प्रयोग झाला. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या तिथल्या पुळणीवर अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. ती अंडी माणसे खात, विकत, आणि उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची पाहणी करत असताना ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कायद्याने कासव संरक्षित होते, पण पहाटेच्या किनाऱ्यावर कायदा कोण राबवणार? संस्थेने गावातलीच माणसे हाताशी धरली. घरटे सापडले की अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की समुद्रात सोडायची, असे काम सुरू झाले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे आले, घराघरांत राहण्या-जेवणाची सोय झाली, चार पैसे मिळू लागले. पुढे अंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांनीही ही वाट धरली आणि वनखाते त्यात उतरले.

ही आस्था की धंदा, असा प्रश्न शहरी पाहुणे हमखास विचारतात. पण तो फारसा न्याय्य नाही. पहाटे गस्त घालणाऱ्या कासवमित्राच्या मनात कमाई, गावाचे नाव आणि पिल्लांविषयीची माया एकत्र नांदतात, आणि ती वेगळी करून मोजण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की गावातली मुले आता अंड्यांकडे खाणे म्हणून पाहत वाढत नाहीत.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढची अडचण निराळी. आईवडिलांना आंबा, पळस, बहावा ओळखता येतो. ओक आणि मेपल यांतला फरक मुलेच शाळेत शिकून येतात. चावलांच्या मुलाखतींतले ‘जाणते मोठे माणूस’ घरात नसते, निदान तसे पालकांना वाटते. रानात गोचीड चावेल, पॉयझन आयव्हीने अंगाची आग होईल, ही भीती त्यात भर घालते, आणि ती अगदीच निराधार नाही. अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांनी आपल्या एका निबंधात, आपल्यालाच निसर्गाची माहिती नाही असे वाटणाऱ्या पालकांच्या या अडचणीचा विचार केला होता. त्यांच्या मते लहान मुलाला नावांपेक्षा सोबत हवी असते. नवल वाटून घेणारे एक मोठे माणूस पुरते, नावे मागाहून शोधता येतात. इंग्लंडमध्ये १९९३ पासून रुजलेल्या ‘फॉरेस्ट स्कूल’ने डेन्मार्कच्या बालवाड्यांकडून हेच घेतले: मुलांना त्याच त्या झाडीत, पावसापाण्यातही, पुन्हा पुन्हा नेणे.

घरच्या घरी करण्याजोगा एक उपक्रम पक्षिगणनेचा आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीत बागेतल्या पक्ष्यांची गणना होते. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि आता जगभर पसरलेल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये फेब्रुवारीतल्या चार दिवसांत कुठेही निदान पंधरा मिनिटे थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायचे असतात. भारत २०१३ पासून त्यात आहे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या नातवाची नोंद आणि साताऱ्यातल्या आजोबांची नोंद एकाच यादीत जमा होऊ शकते. पक्षी ओळखता आला नाही, तर फोनवर एकमेकांना विचारता येते. मात्र कार्डिनल आणि बुलबुल यांच्या तुऱ्यांवरून दोघांचे एकमत व्हायला वेळ लागतो.