तवंदीचा घाट आणि गिअरबॉक्सचं तेल



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांत आपण संतसाहित्य ऐकतो, इतिहास ऐकतो, सीमाप्रश्न तर ऐकतोच ऐकतो. यंदा आयोजकांनी गॅरेजात आयुष्य काढलेल्या माणसाला ट्रकच्या तेलावर बोलायला उभं केलंय. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी थोडं सोसून घ्यावं. मागं बसलेल्या मालक-ड्रायव्हर लोकांना मात्र आज बरंच सांगायचंय.

आपला मुलूखच ट्रकांवर चालतो. निपाणीची तंबाखू, संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्याचा आणि इथल्या हालसिद्धनाथ कारखान्याचा ऊस, बेळगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग, गोव्याला रोज उतरणारी भाजी, सगळं चाकांवर. पूर्वीचा चार नंबरचा, आताचा अठ्ठेचाळीस नंबरचा हमरस्ता आपल्या दारातून जातो. या रस्त्यावर इंजिनचं ऑइल सगळे वेळेवर बदलतात. गिअरबॉक्सचं विचारलं की उत्तर ठरलेलं: “गळत नाही ना? मग असू दे.”

न गळणारं तेलही मरतं. कशानं, ते आधी बघू.

साध्या, हातानं गिअर टाकायच्या पेटीत तेलाचं काम दात आणि बेअरिंग ओले ठेवायचं, उष्णता वाहून न्यायचं. ऑटोमॅटिक पेटीत त्याच्या गळ्यात आणखी दोन कामं पडतात. तिथं इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. पात्यांची दोन चक्रं तेलात समोरासमोर फिरतात. एक चक्र तेल फेकतं, त्या माऱ्यानं दुसरं फिरतं. म्हणजे ताकद तेलातून जाते. शिवाय आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरायला लागतो तो दाबही तेलाचाच. भरलेली गाडी निपाणीजवळचा तवंदीचा घाट सावकाश चढू लागली की त्या दोन चक्रांच्या वेगात फरक पडतो, आणि त्यात वाया जाणारी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. तेलवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. वडे तळून काळं पडलेलं तेल कढईत गळतं थोडंच? तरी आपण ते फेकतोच.

म्हणून नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. कंपनीच्या पुस्तकात तेलबदलाच्या तक्त्याला बहुधा दोन रकाने असतात, एक साध्या कामाचा, दुसरा कठीण कामाचा. दुसऱ्यातला आकडा पुष्कळदा पहिल्याच्या निम्मा असतो. त्याच्या पुढे महिने आणि तासही दिलेले असतात, त्यातलं जे आधी भरेल ते धरायचं. आपले लोक पहिला रकाना वाचतात. उसाच्या हंगामात कारखान्याच्या दारात रात्रभर इंजिन चालू ठेवून रांगेत सरकणारी गाडी, घाट चढणारी गाडी, खडीचा टिपर, या सगळ्या दुसऱ्या रकान्यातल्या. रांगेत उभ्या गाडीचा मीटर पुढं जात नाही, तास मात्र भरत असतात.

आता एक घोटाळा सोडवतो. नव्या ट्रकांत क्लचचं पेडल नसलं की लोक त्याला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. आपल्याकडच्या अशा बऱ्याच ट्रकांत आत साधीच दातांची पेटी असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिला ‘एएमटी’ म्हणतात. त्या पेटीत तिच्या कंपनीनं सांगितलेलं गिअर ऑइलच जातं, ऑटोमॅटिकचं पातळ एटीएफ नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरची खरी ऑटोमॅटिक पेटी मोठ्या शहरांतल्या काही बसमध्ये आणि खाणीतल्या डंपरांत सापडते, अ‍ॅलिसन हे त्यातलं जुनं नाव. डबा उघडण्याआधी पेटी कोणती ते पाटीवर वाचा.

साध्या पेटीतही गल्लत होते. क्राऊनमध्ये, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलमध्ये, घालायचं जीएल-5 उरलं की ते गिअरबॉक्समध्ये ओततात. “दोन्ही गिअर ऑइलच की!” पण जीएल-5 मध्ये गंधकाची रसायनं जास्त असतात. पितळी सिंक्रोनायझर रिंग असलेल्या बऱ्याच पेट्यांना ती मानवत नाहीत, तिथं जीएल-4 सांगितलेलं असतं. दोनशे रुपये वाचवून पेटी उतरवायची पाळी आणू नका.

तेलात काय घालतात याची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1970 च्या सुमारापर्यंत अमेरिकेत ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म देवमाशाचं तेल मिसळत. क्लच न धडकता धरायचा तर ते उत्तम. पुढं तो देवमासा संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, त्याच्या तेलावर बंदी आली, आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. तेल म्हणजे नुसता चिकटपणा नव्हे, हे तेव्हा मोटारधंद्याला चांगलंच कळलं.

बदलायचं कसं? गाडी थोडी चालवून आणा, तेल कोमट झालं की मळ घेऊन बाहेर पडतं. घाट चढून आल्या आल्या मात्र प्लग उघडू नका, हात भाजेल. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे द्या. आणि खालचा प्लग सोडण्याआधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तेल सगळं खाली गेल्यावर वरचा प्लग गंजून बसलेला कळला, तर गाडी जागेवरून हलत नाही.

खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावरचा बारीक करडा लगदा ही रोजची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर नवं तेल ओतू नका, पेटी उघडा. वॉशर नवा घाला. साध्या पेटीत लेव्हलच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबायचं. “थोडं जास्त असलेलं बरं” हे इथं चालत नाही. जादा तेल घुसळून तापतं, सील फोडून क्लच प्लेटपर्यंत जातं.

ऑटोमॅटिकचं निराळं. खालून सोडलेलं तेल पुरतं नसतं, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणून फिल्टर बदला, जेवढं निघालं तेवढं भरा, मग गाडी न्यूट्रलवर चालू ठेवून तेल मोजायची काठी बघा. पक्की लेव्हल तेल तापल्यावरच कळते. अ‍ॅलिसनच्या पेट्यांत हे तापमान साधारण 71 ते 93 अंश सेल्सिअस धरतात. कमी भरलं तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर फेस होतो, आणि दोन्हींत क्लच घसरतात.

“जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की पेटी बसते” असं म्हणतात. बसते कधीकधी, पण तिच्या चकत्या आधीच जळलेल्या असतात, खून नव्या तेलाच्या नावावर पडतो. तेलाला करपट वास असेल तर मशीननं दाबून धुवायच्या भानगडीत न पडता आधी मिस्त्रीला दाखवा.

आणखी एक. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी क्रेननं ओढताना प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद म्हणजे पेटीचा पंप बंद, आणि चाकं तर आतलं सगळं फिरवत असतात. काही साध्या पेट्यांचीही हीच गत. घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्या वस्तादांबद्दल मी सभेत बोलत नाही, तोंडात वाईट शब्द येतात.

शेवटचं पाण्याचं. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगा नदी यमगर्णीजवळ हमरस्त्यावर आली, 2021 च्या जुलैतही तेच झालं. अशा पाण्यातून तापलेली गाडी घातली की पेटी एकदम गार होते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकातून, किंवा सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर किलोमीटर विचारू नका, त्याच दिवशी काढा. क्राऊनचंही बघा, ते तर आणखी खाली असतं. पुढच्या चाकाच्या वर पाणी गेलेल्या गाडीचं तेल दुधाळ दिसलं नाही तरी मी बदलायला सांगतो.

काढलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका, दारांच्या चौकटींना फासायलाही देऊ नका. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचरा आहे. पिंपात साठवून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या.

उसाचा हंगाम आटोपलाय, गाड्या रिकाम्या उभ्या आहेत, आणि पाऊस जूनमध्ये येतोय. मालक मंडळींनो, या आठवड्यात गॅरेजात जा, ब्रीदर साफ करून घ्या, आणि पेटीतलं तेल तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा.