कोयत्याचा वर्ग



माणसाला आपला वर्ग बदलता येतो काय, याची उत्तरे ग्रंथांत पुष्कळ आहेत. आम्ही ती उसाच्या फडात शोधली.

आपल्या आष्टीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता! हिशेबात दोन माणसे नाहीतच. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. हंगामाआधी घेतलेली उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते.

यांतलाच एखादा हुशार गडी मुकादम होतो. तो वर चढला, असे गाव म्हणते. आम्हांला ते अर्धेच पटते. कारखान्याची रक्कम त्याच्या नावावर. जोडपे निघून गेले तर भरपाई त्याच्या अंगावर. म्हणून कालचा सोबती आज सोबत्याच्याच दारात तगाद्याला उभा राहतो.

मग शाळा? शिकून नोकरीला लागलेली मुले आमच्यात आहेत, त्यांचा आम्हांला अभिमानच आहे. पण पोराला श्रावणात नोकरी लागावी आणि आईबापांनी दिवाळीला फडावर जावेच, असेही घडते. उचल आधीच खर्ची पडलेली असते. त्या पोराचा वर्ग कोणता म्हणावा? पगार कारकुनाचा, देणे कोयत्याचे. आणि पुढे आईबाप सुटले, तरी टोळीतली त्यांची जागा रिकामी थोडीच राहते? शेजारचे जोडपे तिथे जाते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती मात्र एका हुशार गड्यासाठी नव्हती, साऱ्या कोयत्यांसाठी होती. त्या दराने उचल किती हंगामांत फिटते, याचा हिशेब आता आम्ही टोळीटोळीत बसून मांडत आहोत.