कायदा मोडला तर किंमत कोण मोजतं?

(धाराशिव जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कायदा मोडणं कधी बरोबर असतं का, असा विषय मला दिला आहे. दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, झेंड्याला सलामी देतो. ज्यांच्या आठवणीने ती सलामी देतो, ते निजामाच्या दफ्तरी गुन्हेगार होते. आपल्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्यांतलेच. 1938 साली निजाम सरकारने स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. ती बंदी मोडून सत्याग्रह झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. ते चुकले असं आज या जिल्ह्यात कुणी म्हणणार नाही. म्हणजे कायदा मोडणं कधीकधी बरोबर असतं, हे आपण केव्हाच मान्य केलंय. प्रश्न एवढाच उरतो, की कधी आणि कसा.

आपण बायकांनी हा प्रश्न रखमाबाईंना विचारावा. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी सांगून टाकलं, तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

विचार करा, काळ कोणता, बाई एकटी. टिळकांचा 'केसरी' विरोधात. पण त्या लपल्या नाहीत. शिक्षा मान्य केली, हुकूम मान्य केला नाही. 1888 मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत अनेक वर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. 1891 साली संमतिवय दहावरून बारा झालं. त्याआधी देशभर जो वाद पेटला, त्यात हा खटलाही होता.

याउलट एक उदाहरण महाडचं आहे. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्याल्यानंतर डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तरी हजारो माणसं जमली. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. भांडण सवर्णांशी होतं, त्यात सरकारला अंगावर घ्यायचं नाही असा तो विचार होता. पण त्याच परिषदेत, 25 डिसेंबरला, मनुस्मृती जाळली. कोर्टाचा हुकूम पाळला आणि शतकानुशतकं माणसांना बांधणारा धर्माचा कायदा जाळला. तळ्याचा खटला ते लढत राहिले आणि मार्च 1937 मध्ये हायकोर्टात जिंकले.

या तीन गोष्टींतून मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या काढल्या आहेत. कायदा उघडपणे मोडला जातोय की चोरून? मोडणारा आपल्यापेक्षा बलवानाशी लढतोय की दुबळ्यावर चढतोय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याची किंमत मोडणारा स्वतः मोजतोय की दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय?

आता आपल्या गावात या. आपल्याकडे रोज मोडला जाणारा कायदा कोणता? बालविवाहाचा. बाप म्हणतो, "ताई, आम्ही कारखान्यावर जाणार, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावलं तर एक कोयता तरी होतो." नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. या बापाची अडचण खरी आहे. पण कसोटीला लावून बघा. लग्न रात्रीत उरकतात, पत्रिका छापत नाहीत. घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर लादतात. आणि किंमत मोजते ती पोरगी, शाळा सोडून, सोळाव्या वर्षी बाळंत होऊन.

मग आपलं काय? कळलं तरी आपण गप्प बसतो, कारण तक्रार केली तर गरीब आईबाप अडकतील. ही दया मलाही समजते. पण कायद्याकडे काणाडोळा करणं म्हणजेही तो मोडणंच, आणि त्याची किंमत आपण मोजत नाही. म्हणून मी सांगते, लग्न लागायच्या आधी बोला. 2006 च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटला लग्नावर मनाई हुकूम देता येतो. आधी अडवलं तर कुणाला तुरुंगात जावं लागत नाही, आणि हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. ग्रामसेवकाला गाठा, 1098 ला फोन करा. लग्न लागून गेलं असेल तरी मुलीला सांगा, वीस वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून मागायचा हक्क तिचा आहे. आणि उसाच्या हंगामात मुलींसाठी गावातच राहायची सोय व्हावी म्हणून आपणच भांडायला हवं, नाहीतर बापाच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही.

रखमाबाईंच्या वेळी कोर्ट नवऱ्याच्या बाजूला होतं, म्हणून त्यांना कोर्टाला 'नाही' म्हणावं लागलं. आज नांदायला नकार देणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या बाजूला कायदा आहे. तिला मोडायची आहे ती घराची आज्ञा, भावकीचा शब्द, जातीची रीत. कायद्याच्या पुस्तकात नसलेल्या याच कायद्यांनी बाईला जास्त बांधलंय. ती ते मोडायला निघेल तेव्हा गाव तिला बेशरम म्हणेल, तुम्हाला घरफोड्या म्हणेल. त्या दिवशी तिच्या दारात उभं राहायची तयारी आपली आहे का, हे आज ठरवून इथून उठू या.