चेस्टर आर्थर : वशिल्याच्या गादीवरून आलेला सुधारक

श्रोतेहो, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर बोलायचं तर वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट ही नावं ठरलेली. मी आज चेस्टर आर्थर निवडलेत. अमेरिकेतही त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आर्थर न्यूयॉर्कचे वकील. एलिझाबेथ जेनिंग्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून जबरदस्तीनं उतरवलं, तो खटला त्यांनी तरुणपणी लढवला आणि जिंकला. पुढे मात्र ते रिपब्लिकन पक्षाच्या कारभारात पुरते मुरले. १८७१ साली न्यूयॉर्क बंदराच्या जकातीचे प्रमुख झाले. देशाच्या जकातीतला सर्वांत मोठा वाटा इथं जमा व्हायचा. दंडातला हिस्सा धरून प्रमुखाची वर्षाची कमाई ५०,००० डॉलरच्या घरात जायची. राष्ट्राध्यक्षांचा पगारही पुढे तेवढाच झाला! तिथली रीत अशी : नोकऱ्या पक्षाच्या माणसांना द्यायच्या आणि त्यांच्या पगारातून पक्षाची वर्गणी कापायची. या साऱ्याचे सूत्रधार होते सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग. १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी आर्थरना पदावरून दूर केलं.

दोनच वर्षांनी, रुसलेल्या कॉन्कलिंग गटाची समजूत काढायला म्हणून, आर्थरना गारफिल्ड यांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि दोघं निवडून आले. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो या माणसानं राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पॅरिसमध्ये वाणिज्यदूताची नोकरी मिळाली नाही, हा त्याचा राग. आणि पकडल्यावर म्हणाला काय, तर आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होतील! लोकांच्या मनात शंका येणारच. गारफिल्ड अडीच महिने झुंजले. ते गेल्यावर २० सप्टेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कच्या राहत्या घरी आर्थर यांचा शपथविधी झाला.

गारफिल्ड अंथरुणावर असतानाच आर्थरना एक पत्र आलं. लिहिणारी ज्युलिया सँड, न्यूयॉर्कची एक आजारी, अनोळखी बाई. तिनं भीडभाड न ठेवता कळवलं, की तुम्ही गादीवर याल याचीच लोकांना धास्ती आहे, आता तरी सुधारणेचा मार्ग धरा. पुढे तिची पत्रं येतच राहिली आणि १८८२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष स्वतः तिच्या घरी जाऊन बसले. मरण्यापूर्वी आर्थरनी आपले बहुतेक कागद जाळायला लावले. तिची तेवीस पत्रं मात्र उरली.

या पत्रांनी आर्थर बदलले, असं सांगायला छान वाटतं. मला ते अर्धंच पटतं. न्यूयॉर्कच्या जकातीवर आपला माणूस बसवा, हा कॉन्कलिंगचा हट्ट त्यांनी मोडून काढला हे खरंच. पण १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना फटका बसला नसता, तर अमेरिकी काँग्रेसनं सुधारणेच्या कायद्याची एवढी घाई केली असती का? जानेवारी १८८३ मध्ये आर्थरनी पेंडलटन कायद्यावर सही केली. ठरावीक नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा आली, सक्तीच्या वर्गणीला बंदी आली. समोर राज्यसेवेची तयारी करणारे बरेच चेहरे दिसताहेत म्हणून सांगतो : परीक्षेची ही कल्पना अमेरिकेनं ब्रिटनकडून घेतली, आणि ब्रिटिशांनी ती हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी १८५५ पासूनच राबवली होती.

आर्थरना मूत्रपिंडाचा असाध्य विकार होता. तो त्यांनी लोकांपासून लपवला. १८८४ मध्ये पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्याऐवजी ब्लेन या दुसऱ्या नेत्याला दिली. त्यांचा पेंडलटन कायदा मात्र टिकला. तो सुरुवातीला केंद्राच्या जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता. ही कक्षा हुकमानं वाढवायची मुभा राष्ट्राध्यक्षांना होती. पुढे पद सोडणाऱ्यांनी ती वाढवली, बरेचदा आपण नेमलेल्यांच्या नोकऱ्या शाबूत राहाव्यात म्हणून.