भोक तेवढंच, भिंत वेगळी

आजचा भाग देवपुरातून, आणि विषय आहे भोक. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक भोक.

आपलं धुळं काळ्या बेसाल्ट खडकावर वसलंय. त्यामुळे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन बरेच असतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तो यांच्यामुळेच. मग आपण आरओ लावतो. ते नको असलेल्या आयनांबरोबर हवे असलेलेही अडवतं, वर बरंच पाणी मोरीत सोडतं. मग निवडून आयन सोडणारं भोक बनवता येईल का?

जर्मनीत डार्मस्टाटला जीएसआय नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्याच प्लास्टिकची, 12 मायक्रोमीटर जाडीची फिल्म घेतात. तिच्यातून एकच वेगवान जड आयन आरपार सोडतात. मग एका बाजूने कॉस्टिक सोडा. त्या आयनाच्या वाटेवरचं प्लास्टिक सोडा आधी खातो, आणि नरसाळ्यासारखं भोक पडतं. अरुंद तोंड जेमतेम काही नॅनोमीटर.

आता गंमत बघा. सोड्यामुळे भिंतीवर कार्बोक्सिल गट उघडे पडतात. मिठाच्या पाण्यात त्यांच्यावर ऋणभार येतो. भिंत धन आयनांना ओढते, क्लोराइडला ढकलते. या भाराची पोच साधारण एखादा नॅनोमीटरच, म्हणून भोक इतकं बारीक लागतं. नरसाळ्यात आपण रुंद तोंडातून ओततो. इथे मात्र धन आयन अरुंद तोंडाकडून रुंद तोंडाकडे जास्त सहज जातात. डायोडच म्हणा ना!

पाणी चांगलं आंबट केलं, पीएच 3 च्या आसपास, की भिंतीचा भार जातो आणि हा पक्षपात संपतो. भिंतीवर अमाइन गट जोडले तर ती धनभारित होते. मग क्लोराइडला वाट मोकळी, आणि दिशाही उलटी. बदललं काय? फक्त भिंतीचं रसायन.

पण एक अडचण आहे. यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइड आणि क्लोराइड दोघेही ऋणभारित. नुसता भार बघून भिंतीला त्यांच्यातला फरक नीट कळत नाही. त्यासाठी फ्लोराइडलाच ओळखणारे रासायनिक गट लागतात. शिवाय एका भोकातून तहान भागत नाही; अशी कोट्यवधी भोकं हवीत, तीही स्वस्तात.

तोवर कोणी ‘नॅनो फिल्टर’ विकायला आलं, तर भोकाचा आकार विचारून थांबू नका. कोणते आयन अडवतो आणि कोणते सोडतो, तेही विचारा. चला, भेटू पुढच्या भागात!